दाढेचं बाळंतपण

आमच्या मुलाचं वजन करायचं तर खुर्चीसकट करावं लागतं. तो उभा राहत नाही, बसवला तर एका अंगाला कलतो, आणि घरगुती काट्यावर कुणी धरून ठेवला तर धरणाऱ्याचंही वजन त्यात येतं. मी जाधववाडीच्या मोंढ्यात एका अडतीवर हिशेबाचं काम करतो. बाजार उठला की तिथल्या मोठ्या काट्यावर मी त्याला चाकाच्या खुर्चीसकट चढवायचो. जो आकडा येईल त्यातून खुर्चीचे चौदा किलो दोनशे ग्रॅम वजा. मालाचं वजन काढताना रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करतात तसंच.

"काका, ह्यात माल कमी अन् बारदानच जास्त हाय," एक हमाल एकदा म्हणाला.

मुलगा त्यावर मोठ्यांदा हसला. त्याला शब्द कळतात की नाही हे आम्हाला अकरा वर्षांत नक्की ठरवता आलेलं नव्हतं. आवाज मात्र कळतात. हमालाचा आवाज त्याला आवडायचा, फोडणीचा आवडायचा, आणि सगळ्यांत जास्त कुकरची शिट्टी.

मी सांगतोय त्या वर्षी शहराचं नाव औरंगाबाद होतं. दिवाळीनंतर मुलाचं वजन, बारदान वजा जाता, अठरा किलो चारशे भरलं होतं. संक्रांतीला सतरा तीनशे. अकरा वर्षांच्या मुलाला हे वजन मुळातच कमी, त्यात अकराशे ग्रॅम गेले. मी काटा पुसून पुन्हा तोललं. तोच आकडा आला.

तो जन्मला तेव्हा रडला नव्हता. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून हातपाय ताठ, बोलणं नाही, आणि मधूनमधून झटके. झटक्यांची गोळी त्याला गिळता येत नाही म्हणून औषध पातळ, आणि पातळ औषध कडू म्हणून त्यात साखर. दिवसातून तीन वेळा, अकरा वर्षं. वर दात घासायची पंचाईत. ब्रश तोंडात गेला की त्याचा जबडा आपोआप मिटतो. विस्तवाला बोट लागलं की हात जसा मागे येतो तसं ते असतं, त्यात त्याची मर्जी नसते. ब्रशची दांडी मोडायची. घरात माणसं तीन, पण आम्ही इतके ब्रश आणायचो की गारखेड्यातला दुकानदार आम्हाला फार स्वच्छ लोक समजत असावा.

त्या हिवाळ्यात त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठाशी आला की मान फिरवायचा. माझं मत, पोट साफ नाही. बायकोचं मत, कुणाची तरी दृष्ट लागली. अडतीच्या शेठचं मत, हवा बदला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषधाची चव बदलून पाहिली. आधी संत्र्याची होती, ती आंब्याची केली. मग एका सकाळी बायको त्याचं तोंड पुसत होती ती एकदम थांबली.

"अहो, इथं हात लावा."

गालाखाली गरम आणि टणक लागलं. मी जरा दाबलं तर तो असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून आल्या.

"दाढ आहे," बायको म्हणाली. "मी इकडं मीठ-मोहऱ्या ओवाळतेय, तुम्ही एरंडेल पाजताय, अन् याची दाढ दुखतेय."

दाढ दुखते तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं, इतकं सोपं ते मला वाटलं. आपल्या शहरात दातांच्या पाट्यांना तोटा नाही. पहिला दवाखाना दुसऱ्या मजल्यावर निघाला आणि जिना इतका अरुंद की खुर्ची त्यात आडवीही जाईना, उभीही जाईना. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने खुर्चीकडे पाहिलं.

"सर लहान मुलं बघतात," ती म्हणाली, "पण अशी नाही बघत."

"अशी म्हणजे?"

तिने जरा विचार केला. "म्हणजे... समजावून सांगितलं की ऐकणारी बघतात."

तिथून बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हणालो की समजावून सांगितलं की ऐकणारं मूल मी अजून एकही पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "मोठं माणूससुद्धा नाही. चला."

तिसरे डॉक्टर शहागंजात. वयस्कर, पांढरी दाढी, दवाखाना तळमजल्यावर, दार रुंद. त्यांनी मुलाकडे पाहून नाही म्हटलं नाही. "बिठाव, देखते," एवढंच म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून त्याला त्यांच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. बायकोने खांदे धरले, मी पाय. डॉक्टरांनी हातमोजा घातला, प्रेमाने "आं करो बेटा" म्हणाले आणि तर्जनी आत घातली. जबडा मिटला.

डॉक्टरांनी बोट जरा ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अजी, छोडने कू बोलो ना इसकू."

"उसको बोलके उपयोग नहीं, डॉक्टरसाब," मी म्हणालो.

"तो किसकू बोलूं? म्युनिसिपालटी कू?"

"हसला की सोडतो तो," बायको म्हणाली.

"तो हसाव ना बाई! उंगली है मेरी, भुट्टा नइ है!"

हसवायचा एकच खात्रीचा उपाय होता. मी पाय न सोडता कुकरच्या शिट्टीचा आवाज काढला. शिट्टी काढणं हा माझा प्रांत नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं काहीतरी झालं. मुलाने माझ्याकडे डोळे फिरवले आणि जबडा आणखी आवळला. डॉक्टरांनी अल्लाचं नाव घेतलं. दारात नंबर लावून बसलेल्या लोकांना काय चाललंय ते दिसत होतं. त्यातल्या बुरख्यातल्या एका बाईने, "नक्को, ऐसा नइ," म्हणून हुबेहूब शिट्टी काढली. मुलाच्या भुवया वर गेल्या. तिने दुसरी काढली. तिसरी एका तरुणाने काढली, तीही बरी होती, आणि मुलगा खदखदून हसला, कारण आमच्या घरी तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद होतो.

डॉक्टरांनी बोट बाहेर काढून उजेडात धरलं, दोनदा वाकवून पाहिलं. "सलामत है," ते म्हणाले आणि सगळा दवाखाना समाधानाने मागे टेकला. त्या तेवढ्या वेळात त्यांनी दाढ मात्र पाहून घेतली होती. "अंदर बहोत खराब है. एक नइ, बहोत सारे. इसकू पूरा सुलाना पडेंगा." त्यांनी आम्हाला क्रांती चौकातल्या, मुलांचेच दात बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. निघताना हात मिळवायला त्यांनी दुसरा, न चावलेला हात पुढे केला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खुर्चीतून उतरवायला न लावता, जमिनीवर गुडघे टेकून, मुलाला हसवत त्यांनी पाहिलं. पाहून झाल्यावर हसणं थांबलं.

"आठ काढावे लागतील. चार भरता येतील. जागेपणी यातलं काहीही होणार नाही. एकदाच भूल द्यायची आणि सगळं एकदम उरकायचं."

"मग कधी?"

"कधी हा पुढचा प्रश्न. आधी कुठे." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "माझ्याकडे दात काढायची खुर्ची आहे, भूल द्यायची सोय नाही. मोठ्या हॉस्पिटलात भुलेची सोय आहे, पण दातांसाठी ते थिएटर अडवू देत नाहीत. हार्टचे, हाडांचे पेशंट रांगेत असतात. मी नेहमी माझ्या मैत्रिणीच्या हॉस्पिटलात करते. माझं मशीन सुटकेसमधून नेते. तुम्ही राहता कुठे?"

"गारखेड्यात."

"मग तर तुमच्या घराजवळच." त्यांनी नाव सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या हॉस्पिटलसमोरून आम्ही रोज जायचो. बाहेर मोठ्या अक्षरांत प्रसूतिगृह असं लिहिलेलं होतं, आणि खाली एका हसऱ्या बाळाचं चित्र.

"थिएटर ते थिएटर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टेबल, ऑक्सिजन, भूल देणारे डॉक्टर, सगळं असतं. एकच अट. बाळंतीण आली तर आपण बाजूला व्हायचं."

अट न्याय्य होती. दाढ थांबू शकते, मूल थांबत नाही. मी हो म्हणालो.

ठरलेल्या सकाळी मुलाला उपाशी ठेवून आम्ही गेलो. तसंही तो काही खात नव्हता, पण आदल्या दिवसापर्यंत बायको वाटीने दूध ओठांवर लावून थोडं आत ढकलायची, तेही बंद केलं. डॉक्टरीणबाई सुटकेस घेऊन हजर. आम्ही दारात पोचलो आणि मागोमाग पैठणच्या बाजूने एक जीप आली. त्यातून उतरवलेल्या बाईकडे एकदा बघून आतली नर्स म्हणाली, "दात घरी न्या."

दुसऱ्या खेपेला आम्ही आतल्या बाकापर्यंत पोचलो. या वेळी जुळं आडवं आलं. आमच्या एका नंबरावर दोघं जण चढले, हे मला हिशेबात बसेना, पण बोलणार कुणाला. संध्याकाळी मी मुलाला काट्यावर चढवलं. तीस किलो नऊशे, वजा खुर्ची, सोळा सातशे.

भूल देणारे डॉक्टर किडकिडीत आणि हळू बोलणारे होते. दुसऱ्या दिवशी त्यांना भेटून मी आकडा सांगितला. त्यांनी मुलाच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आज छाती साफ आहे," ते म्हणाले. "वजन असंच उतरत राहिलं आणि छाती भरली, तर मी याला झोपवणार नाही. झोपवणं सोपं असतं हो. उठवायचं माझ्याकडे असतं."

म्हणजे दात काढले नाहीत तर तो खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर दात काढता येणार नाहीत. मोंढ्यात असा व्यवहार कुणी घेऊन आला असता तर शेठने त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. पण इथे परत जायला दुसरी जागा नव्हती. बायको रात्री त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

त्या दिवसांत मला एक खोड लागली. गारखेड्यात इतक्या गरोदर बायका आहेत हे मला आधी माहीत नव्हतं. आता मला दुसरं काही दिसेना. भाजीच्या गाडीवर, देवळात, रिक्षात. प्रत्येकीकडे बघून मी मनात अंदाज बांधायचो की हिची वेळ आमच्या तारखेला येते का. शेजारच्या गल्लीतल्या सुनेला तर मी एकदा विचारूनच बसलो, "कितवा चालू आहे?" तिने ते सासूला सांगितलं, सासूने आमच्या घरी येऊन.

"लोकांच्या सुनांचे महिने कशाला मोजत फिरताय?" बायको म्हणाली. "एखाद्या दिवशी मार खाऊन याल, मग तुमचेही दात तिथंच काढून घेऊ."

तिसऱ्या खेपेला वॉर्ड रिकामा होता. नवीन आलेल्या नर्सने बायकोला सवयीने विचारलं, "कितवी खेप?"

"तिसरी," बायको म्हणाली.

"मग काय, भीती नाही," नर्स म्हणाली आणि तिला हिरवा गाऊन दिला. मूल झोपेपर्यंत आईने आत यायला डॉक्टरीणबाईंची परवानगी होती, म्हणून गाऊन. स्ट्रेचर आलं. मुलगा त्यावर एकटा ठरेना. पाठ टेकली की धनुष्यासारखा ताठ व्हायचा. शेवटी बायकोच स्ट्रेचरवर निजली. त्याला पोटावर घेतलं की तो गोळा होऊन शांत होतो, लहानपणापासून. थंडी होती म्हणून नर्सने दोघांवर मिळून हिरवी चादर ओढली, त्याच्या डोक्यावरून सुद्धा, आणि वॉर्डबॉय ते ढकलत बोळातून घेऊन निघाला. मी मागे.

बोळात भिंतीला टेकून आमच्या गावचा एक माणूस उभा होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. सुनेला दाखवायला आणलं होतं त्याने. त्याने आधी मला पाहिलं आणि हात उचलला. मग स्ट्रेचर पाहिलं. माझी चव्वेचाळीस वर्षांची बायको उताणी, डोळे मिटलेली, आणि चादरीखाली तिच्या पोटावर हा एवढा डोंगर. त्याने उचललेला हात तसाच खाली घेतला. भला माणूस. कुणाच्या घरच्या बाईकडे अशा वेळी बघू नये म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आमच्या मुलाचं कळून त्याला वाईट वाटलं.

"सगळं नीट व्हईल," तो भिंतीला म्हणाला.

मी त्याचे आभार मानले.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी फुलंब्रीकडचा एक पोरगेला नवरा बसला होता, पहिलटकर. आत त्याच्या बायकोला अजून वेळ होता, म्हणजे आमच्या मध्ये ती येणार नव्हती, हे मी नर्सकडून खात्री करून घेतलं होतं. त्याने मला तंबाखू विचारली, मी नको म्हणालो. बायको गाऊन काढून बाहेर आली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. "झोपला," एवढं म्हणाली. तिचे हात मांडीवर होते आणि पोटावर काही नव्हतं म्हणून ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

खूप वेळाने थिएटरचं दार उघडून आयाबाई बाहेर आल्या. त्या दारातून त्या आयुष्यभर एकच बातमी घेऊन आलेल्या, त्यामुळे आवाज त्याच पट्टीत लागला.

"आठ!" त्या हातातलं स्टीलचं भांडं उंच धरून ओरडल्या. "आठीच्या आठी निघाले! काढा पेढे!"

फुलंब्रीचा पोरगा उभाच राहिला. "आठ?"

"दात," मी त्याला म्हणालो.

तो हळूहळू खाली बसला. "दात घेऊनच जल्मलं?"

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही, आणि मी समोरच्या दुकानातून पेढे आणायला उठलो. आयाबाईंनी पेढा खाऊन वर विचारलं की हे दात तुम्ही नेणार का, कारण काही लोक नाळ नेतात.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याला उठवला. डोळे उघडून त्याने छताकडे पाहिलं आणि खोकला. ते म्हणाले, "झालं माझं काम. आता तुमचं. पोटात गेलं पाहिजे." डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून दिलं: पातळ, गार, कणी नको, बिया नको, टाक्यांना चमचा लागू द्यायचा नाही, डोकं पुढे झुकवून हळूहळू. उद्या संध्याकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल, आणि नळी एकदा लागली की अशा मुलांची सुटायला फार अवघड जाते.

त्याच दिवशी आम्हाला घरी सोडलं. त्याने काही घेतलं नाही. संध्याकाळी नाही, सकाळी नाही. आता दुखणारी दाढ नव्हती, पण त्याला ते कोण सांगणार? दोन-अडीच महिने चमचा म्हणजे कळ, हे त्याने पक्कं शिकून ठेवलं होतं. चमचा दिसला की जबडा बंद. वाटी दिसली की बंद. बायकोने बोटाने दूध ओठांवर लावलं ते हनुवटीवरून ओघळून गेलं. तिचं रात्रभर डोकं ठणकत होतं म्हणून तिने कानांवरून फडकं घट्ट बांधलं होतं. मी खिडकीत उभा राहून संध्याकाळ किती लांब आहे ते बघत होतो.

तेवढ्यात दारात जीप थांबली. आधी माझी आत्या उतरली. वय पंच्याहत्तर, नऊवारी, हातात काठी. ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. मागोमाग चुलतवहिनी डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीवर नवं दुपटं झाकलेलं.

आत्याने उंबऱ्यातच मला काठीने थांबवलं.

"पन्नाशीला टेकला की रं तू! लाज-बिज हाय का नाय? अन् आम्हाला कळवायचं नाय? त्या मेंढक्याच्या तोंडून कळावं व्हय मला?"

"काय कळलं, आत्या?"

"बघ बाई, वर इचारतोय!" ती वहिनीला म्हणाली. "काय कळलं म्हनं!"

आवाज ऐकून बायको बाहेर आली. फडकं बांधलेली, डोळे सुजलेले, पाय ओढत.

"उठलीस कशाला!" आत्या किंचाळली. "ओली बाळंतीण तू! वारं लागंल! नीज जा आधी! धर गं हिला!"

वहिनीने टोपली ठेवली आणि बायकोला खांद्याला धरून कॉटवर निजवलंच. बायको म्हणत होती, "अहो जाऊबाई, आत्याबाई, ऐका तरी," आणि आत्या म्हणत होती, "बोलू नगंस, टाके असत्याल."

"टाके आहेत," मी म्हणालो, "पण—"

"तू तर बोलूच नगं. पोरगं कुठाय?"

मी आतल्या खोलीकडे बोट केलं. आत्या काठी टेकत आत गेली, वहिनी मागे. मग आत्याचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू.

"ह्यो तर जुनाच हाय."

मी सगळं सांगितलं. चादरीपर्यंत आलो तेव्हा वहिनी भिंतीला धरून खाली बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "भावजी, सबंध गावात साखर वाटली हो आम्ही." आत्या हसली नाही. ती टोपलीपाशी गेली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. झबली, टोपरं, लंगोट, डिंकाचे लाडू, खारकेची पूड, खोबरं, शेपूची जुडी, आणि चांदीचं एक बोंडलं, तान्ह्या पोराला दूध पाजायचं चोचीचं भांडं. पुरता बाळंतविडा.

"आत्याबाई, राहू द्या," बायको कॉटवरून उठत म्हणाली. "परत न्या. दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"बाळंतविडा माघारी नेत नसत्यात. घरावर येतं."

"पण बाळंतीण नाही ना मी."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "तवा हुतीस की. ह्याच्या येळंला. तवा कुणी आणला का?"

कुणी आणला नव्हता. तेव्हा मूल काचेच्या पेटीत होतं, आणि पेढे वाटायचे का भेटायला येऊन गप्प बसायचं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून कुणी आलंच नाही. बायको कॉटवर पुन्हा बसली आणि या वेळी कुणी बसवायची गरज पडली नाही.

"खीर कर गं खारकंची," आत्या वहिनीला म्हणाली. "हिला दे. दोन म्हैन्यात हीबी जेवल्यागत दिसत नाय."

खीर झाली. बायकोने वाटी हातात घेतली आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं, मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "पातळ आहे. गार केली तर चालेल. कणी नको म्हणाल्या होत्या."

गाळायला गाळणी मोठ्या भोकांची. वहिनीने एक कोरं मलमलचं झबलं उचललं, वाटीवर ताणलं आणि त्यातून खीर गाळली. चमचा काढायची कुणाची हिंमत होईना. बायकोने बोंडलं घेतलं, धुतलं, त्यात गार झालेली खीर ओतली, आणि मुलाला खुर्चीत नीट ताठ बसवून डोकं थोडं पुढे धरलं. बोंडलं त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्याने जबडा मिटला नाही. तो त्या चकचकीत चोचीकडे बघत राहिला. बायकोने चोच ओठाच्या कडेने, गालाच्या आतल्या बाजूला, टाक्यांपासून लांब सरकवली आणि थेंबभर सोडलं.

आम्ही चौघं त्याच्या घशाकडे बघत होतो. आत्याची काठीसुद्धा हलत नव्हती.

थेंब बाहेर आला नाही. त्याच्या घशाची घाटी वर गेली आणि खाली आली. मग तो वाट बघत राहिला, कळ येते का त्याची. ती आली नाही. त्याच्या कपाळावर आठी होती ती हळूहळू निघाली. बायकोने दुसरा थेंब सोडला, तिसरा सोडला, ठसका लागला का बघायला थांबली, आणि ती थांबली हे त्याला आवडलं नाही. त्याने मान वळवली, पण या वेळी बोंडल्याच्या दिशेने, आणि तोंड स्वतःहून उघडलं. आत लाल हिरड्या, काळे टाके, आणि मधेच नवे भरलेले चार पांढरे दात.

"बघ की मेला, कसा चोच वासतोय," आत्या म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

बोंडलं रिकामं झालं तेव्हा बायकोने मागे न बघता हात मागे केला.

"जाऊबाई, आहे का अजून?"

"हाय की," वहिनी म्हणाली, "पण ती तुमच्या वाटची हाय."

"असू द्या. गाळा."